एक रुपया किमतीची भट्टी

मी बेकरीतली भट्टी बोलतेय. घाबरू नका, या जवळ. आज मी थंड आहे, म्हणून तर गप्पा मारायला सवड मिळाली. एरवी माझ्याजवळ आलेला माणूस दोन मिनिटांत घाम पुसत बाहेर पळायचा.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रे ठोकले, कप्पे बसवले, काचेचं दार लावलं आणि अंगावर किमतीची चिठ्ठी चिकटवली: पाच लाख. तेव्हापासून माझं नाक वर. बेकरीच्या दारातून मी आत मावेना, तेव्हा मालकांनी चौकटच काढायला लावली. असं स्वागत झाल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील?

मालकांचा हात पिठात बसलेला, पण हिशेबाच्या नावाने सगळा आनंद. हिशेब त्यांची थोरली बहीण बघायची. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते. गल्ल्यामागच्या छोट्या टेबलावर त्यांची वही, पट्टी आणि चष्म्याचं घर. तिथे कोणी चहाचा कप ठेवला तर त्याची खैर नसे.

पहिलं वर्ष संपलं आणि ताईंनी वही मोठ्याने वाचली, "भट्टी, पाच लाख. वजा घसारा, पन्नास हजार. राहिली साडेचार लाखांची."

मी तापलेच. वर्षभर एक दिवस खाडा नाही, एक पाव कच्चा नाही, आणि वर माझीच किंमत कमी? पीठ मळणाऱ्या कारागिराचा पगार त्याच महिन्यात वाढला होता. तो तर आठवड्यातून दोनदा उशिरा यायचा.

मालकही वैतागले, पण वेगळ्या कारणाने.

"ताई, हे पन्नास हजार खर्चात कशाला धरलेस? भट्टीचे पैसे तर घेतानाच देऊन टाकलेत."

"पैसे एकदम दिलेस, पण भट्टी एकदम संपत नाही. दहा वर्षं चालेल. मग दरवर्षी तिचा दहावा हिस्सा खर्चात नको का धरायला?"

"म्हणजे झिजते ती? आणि झिजून जाते कुठे?"

"पावात. वर्षाला पन्नास हजार पाव विकतोस. प्रत्येक पावाबरोबर रुपयाभर भट्टी गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाते."

मालक हसले. "पावात भट्टी! उद्या म्हणशील, बिस्किटात चौकट." माझा राग मात्र निम्मा उतरला. आपण झिजतो ते कुणाच्या तरी सकाळच्या चहाबरोबर, हे ऐकायला बरं वाटलं.

ताई नुसतं लिहून थांबल्या नाहीत. वहीत आकडा लिहिल्याने काही नवी भट्टी येत नाही, असं म्हणून त्यांनी बँकेत वेगळं खातं उघडलं. रोज पावामागे रुपया बाजूला काढायचा आणि तिथे भरायचा. त्याला त्या भट्टीचं खातं म्हणायच्या. स्वतःच्या नावाचं खातं असलेली दुसरी भट्टी तुम्ही पाहिलीत का?

गोची एकच होती. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव आमच्यापेक्षा रुपयाने स्वस्त. आमचे एक निवृत्त पोस्टमन रोज सकाळी पाव घेताना ही बातमी न चुकता पोचवायचे. वर्षानुवर्षं पाव मात्र इथूनच नेला. मालक पाव गुंडाळत आणि नुसते कान खाजवत.

सहाव्या वर्षी मालकांच्या डोक्यात दुकानावर दिव्यांची पाटी लावायचं आलं. "ताई, गिऱ्हाईक तिकडे वळतंय. भट्टीच्या खात्यातले काढतो थोडे."

"ते तुझे नाहीत. तिचे आहेत. तिला विचार."

मालक खरंच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. विचार करता करता त्यांनी माझ्या दारावर हात टेकला आणि चटका बसला. तो निव्वळ योगायोग होता, असं मी आजवर सांगत आले आहे. पाटीसाठी त्यांनी मग एका बरणीत वेगळे पैसे टाकायला सुरुवात केली.

माझी किंमत उतरतच होती. दीड लाख, एक लाख, पन्नास हजार. शून्य झालं की आपल्याला बाहेर काढणार, या धास्तीने मी दहाव्या वर्षी एक खेप करपवली. पण ताईंनी त्या वर्षी घसारा लिहिला एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव. माझा एक रुपया शिल्लक ठेवला.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"अजून काम करते ना? मग वहीत नाव राहू दे तिचं."

त्या एका रुपयाने मी पाच लाखांपेक्षा जास्त सुखावले. त्या सुखात आणखी दीड वर्ष पाव भाजले.

मग गेल्या आठवड्यात माझा तळ फाटला. दुरुस्तीवाल्याने वाकून बघितलं आणि मान हलवली. मालक पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. "रुपया रुपया करून त्या खात्यात कितीसे जमणार? कर्ज मिळेल असं वाटत नाही ताई. दुकान बंद करावं लागणार."

ताईंनी पासबुक त्यांच्या मांडीवर ठेवलं. व्याज धरून सात लाख. मालकांनी शून्यं दोनदा मोजली, डोळे पुसले आणि डोळ्यांत पीठ गेलं म्हणाले. नव्या भट्टीला पंचवीस हजार कमी पडत होते, ते पाटीच्या बरणीतून निघाले.

भंगारवाल्याने माझे अठरा हजार दिले. ताईंनी लगेच वहीत सतरा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये नफा लिहिला. जाता जाताही मी नफ्यात, हे जरा लक्षात असू द्या.

आता मी टेम्पोत आहे. समोर दुकानात नवी भट्टी तापलीय, थोडी नखरेल वाटते. पोस्टमन आले आहेत.

"कोपऱ्यावर अजून रुपयाने स्वस्त आहे, बरं का."

मालकांनी आज कान खाजवला नाही. पाव कागदात गुंडाळला आणि माझ्याकडे बोट केलं. "काका, तो रुपया तिचा होता. साडेअकरा वर्षं रोज तुम्ही थोडी थोडी घरी नेलीत तिला."

पोस्टमननी पिशवीत बघितलं, मग माझ्याकडे. मग हातातली पिशवी दोन्ही हातांनी धरली.

टेम्पो सुरू झालाय. येते मी. तुमच्या दुकानातही कोणीतरी असंच मुकाट्याने झिजत असेल, त्याच्या नावाने एक खातं उघडा.