कटकट नावाचे वाद्य

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लेकीने शोधाच्या चौकटीत सातवा शब्द टाकला आणि सातव्यांदा तेच उत्तर आले : काहीही सापडले नाही. बरोबर बारा वाजता ते संकेतस्थळ कायमचे बंद होणार होते. तशी सूचना तीन महिने पहिल्याच पानावर होती. तिने ती काल वाचली.

ती, म्हणजे मला बनवणाऱ्या माणसाची मुलगी, शोधत होती मला. मी एक जुने वाद्य आहे. मला लाकूड नाही, तार नाही, कातडे नाही. मित्रांनो, संगणकावर आवाजाचे लहान लहान ठोकळे मिळतात. एक सूर काढतो, एक तो गाळतो, एक घुमवतो. पडद्यावरच्या रंगीत दोऱ्यांनी ते एकमेकांना जोडले, की माझ्यासारखे वाद्य तयार होते. जगभरचे हौशी लोक अशी वाद्ये बनवतात आणि एका सामाईक साठ्यात ठेवतात. ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावे, पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. मी त्या साठ्यात बारा वर्षे होतो.

मला बनवणारा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. सुट्टीच्या दिवशी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला संगणक मांडून बसे. दुसऱ्या टोकाला त्याची बायको इस्त्री करी आणि गुणगुणे. एकदा त्याने तिला न सांगता तिचे गुणगुणणे टिपले. अकरा सेकंद. शेवटी इस्त्रीची वाफ आणि तिचा प्रश्न, "झालं का तुमचं?" त्या अकरा सेकंदांवर मी उभा आहे. कोणतीही पट्टी दाबा, तिचाच सूर निघे. सर्वांत खालची पट्टी दाबली, की तो प्रश्न ऐकू येई.

पहिल्याच महिन्यात दोनशे बारा जणांनी मला उतरवून घेतले. 'खारूताई' असे टोपणनाव घेतलेल्या एका बाईने लिहिले, "हे वाद्य श्वास घेतं." माझ्या मालकाने ती ओळ बायकोला तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "कळलं. आता टेबल मोकळं करा."

पुढच्याच वर्षी बायकोच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर दोन वर्षांनी मालकही गेला. घरात फोटोंचे तीन अल्बम आहेत, पण तिचा आवाज वेगळा जपून ठेवावा असे कोणालाच सुचले नव्हते. जो होता तो मालकाच्या संगणकात होता. तो संगणक शेजारच्या शाळेला दिला. देण्यापूर्वी आतले सगळे पुसायचे काम लेकीनेच केले, आणि नीट केले.

वडिलांच्या एका वाद्यात आईचा आवाज आहे एवढे तिला ठाऊक होते, त्याचे नाव ठाऊक नव्हते; म्हणून ती आज दातांच्या दवाखान्यातल्या कामावर सुट्टी टाकून बसली होती. वडिलांचे नाव टाकून झाले. आई, गुणगुण, अंगाई, इस्त्री, सगळे टाकून झाले. साठ्यात अडतीस हजार वाद्ये होती आणि मालकाने मला 'इतर' या खणात ठेवले होते, वर्णनाची एक ओळही न लिहिता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आई चहाचा कप घेऊन आली. तिने पडदा वाचला, कप ठेवला आणि बोलण्याऐवजी वापरायची गळ्यातली पाटी पुढे ओढून लिहिले,

"तुझे बाबा मला काय म्हणायचे?"

"कटकट. पण ते चिडवायला गं!"

आईने पडद्याकडे बोट केले. लेकीने शब्द टाकला आणि मी सापडलो.

"तुला माहीत होतं? मी सकाळपासून डोकं फोडतेय इथे!"

पाटीवर उमटले, "तू विचारलंस कुठे?"

अकरा सदतीसला मी तिच्या संगणकात उतरलो. तिने सर्वांत खालची पट्टी दाबली. काहीच आले नाही. दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग दोन्ही हातांनी दाबत राहिली. माझ्या मधोमध लाल चौकट उघडली होती : आवाजाची फाईल सापडत नाही.

चूक मालकाची होती, आणि ती चूक या छंदातलाच माणूस करतो. मी फार जड आहे, उतरायला वेळ लागतो, अशी काहींनी तक्रार केली. त्याने मला हलके करून पुन्हा साठ्यात ठेवले आणि जुनी आवृत्ती काढून टाकली. हलके करताना 'आवाज सोबत ठेवा' या ओळीपुढची खूण त्याने काढली. त्याच्या संगणकावर मी वाजतच राहिलो, कारण आवाज त्या संगणकात होताच. दुसरीकडे मी मुका होतो. "आवाज येत नाही" असे तिघांनी लिहिले. तोवर उत्तर द्यायला तो नव्हता. मग कोणी लिहिले नाही आणि कोणी उघडलेही नाही.

"आई, रिकामंच आहे हे," लेक म्हणाली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

अकरा शेहेचाळीसला लेकीने माझ्या पानावर लिहिले, "कुणाकडे याची पहिली आवृत्ती आहे का? त्यात माझ्या आईचा आवाज आहे." अकरा सत्तावन्नला उत्तर आले. खारूताई. "जुन्या डिस्कवर असेल बहुतेक. बघते. कुठे पाठवू?" लेकीने फोन नंबर लिहिला, एक आकडा चुकला, खोडला, पुन्हा लिहिला आणि पाठवला. पान पांढरे झाले. बारा वाजले होते. तो नंबर पलीकडे पोहोचला की नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात जुन्या डिस्क असतील. पुसण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. तुम्ही काही बनवलेत तर दुसऱ्याच्या यंत्रावर वाजवून बघा, आणि त्याला असे नाव द्या की परक्यालाही सापडेल. माझ्या मालकाला हे सांगायला उशीर झाला आहे, म्हणून तुम्हाला सांगतो.

सव्वा वाजता फोन वाजला. लेकीने पहिल्याच घंटेला उचलला. लेकीकडचा नंबर मुळात वडिलांचा आहे.

"लिफ्टवाले का?" पलीकडचा माणूस म्हणाला. "अहो, चौथ्या मजल्यावर अडकलीय. बारा-तेरा वर्षांपूर्वी तुम्हीच आला होतात. नंबर जपून ठेवला होता बघा."

तिने त्याला दुसऱ्या कारागिराचा नंबर दिला. आईने पाटीवर लिहिले, "जेवून घे." लेक उठली नाही.

आता दीड वाजला आहे. मी पडद्यावर उघडा आहे, मधली चौकट लाल आहे. फोन टेबलावर आहे, मालक बसे त्याच टोकाला.