नारायण आज्जा निरोप देत नाहीत

आमच्या गुंद गावच्या घरातून कुणी बाहेर निघालं, की नारायण आज्जा उठून गोठ्यात जातात. माझ्या नवऱ्याचे, सुदेशचे ते आजोबा. एकाहत्तरच्या लढाईत बाँबफेकी विमानात बसून पायलटला वाट सांगायचं काम केलेले. जाणाऱ्यानं पाया पडून "येतो" म्हणावं, थोरल्यानं डोक्यावर हात ठेवून "ये" म्हणावं, एवढी साधी रीत. आज्जा ती पाळत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला तो शिष्टपणा वाटला होता.

नेत्रा पहिलीत गेली तेव्हा मात्र मला ते "ये" हवंच होतं. धाकटं बाळ अंगावर पिणारं, सुदेश कामाला गणेशगुडीच्या लॉजवर. पोर गणपती ड्रायव्हरच्या व्हॅनमधून एकटी जोयड्याच्या शाळेला जाणार. रस्ता सगळा वळणांचा, सकाळचं धुकं. गणपती गाडी कशी चालवतो, हे माझं गावात चौघांना विचारून झालं होतं.

त्या सकाळी नेत्रा पाया पडायला वाकली आणि आज्जा उठले. कुंपणापलीकडून शेजारच्या फुलाकाकू म्हणाल्या, "बाँब टाकून आलेला गडी, पोरीला ये म्हणायला भितोय व्हय?"

मी आज्जांच्या मागोमाग जाऊन गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, तुम्ही बोलल्याशिवाय मी तिला पाठवणार नाही.

आज्जा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग सांगायला लागले. लढाई संपल्यावर त्यांच्या सोबत्यांतले काहीजण प्रवासी विमानांवर गेले, एकानं शेती धरली. यांना नव्या पोरांना तेच वाट सांगायचं काम शिकवायला बसवलं. सगळे म्हणाले, सुटलास. त्यातला एक पोरगा हुशार, पण बुजरा. तयार झाला असं वाटल्यावर आज्जांनी त्याला पहिल्यांदाच आपल्याशिवाय पाठवलं. तो पाया पडला, आज्जा "ये" म्हणाले. ढगात डोंगर होता. विमानातलं कुणीच परत आलं नाही.

"लढाईत मी चुकलो असतो तर मीबी मेलो असतो," आज्जा म्हणाले. "त्याला मी जमिनीवर हुबा ऱ्हाऊन धाडलं, पोरी."

बाहेर हॉर्न वाजला. मी नेत्राला म्हटलं, आज राहू दे. ती दप्तर घट्ट धरून रडायला लागली.

आज्जांनी हात धुतले, चपला घातल्या आणि व्हॅनमध्ये गणपतीशेजारी जाऊन बसले. गणपतीनं विचारलं, आज्जा, तुमी कितवीत? आज्जा हसले नाहीत.

"आदी काच पूस," म्हणाले.

दुपारी दोघं परत आली. नेत्राला शाळेपेक्षा आज्जांचंच जास्त सांगायचं होतं. प्रत्येक वळणाच्या आधी ते गणपतीला वळण सांगत होते. शाळा सुटेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होते. आज्जा मात्र जेवून लगेच आडवे झाले. पाय सुजले होते.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात आले तर ते चपला घालून तयार होते. या वयात त्यांना मी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. गरम पाण्याची बाटली तेवढी हातात दिली.