मला आधी बुडवा!

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, आणि माणसांच्या लाडांनी मी अगदी जेरीस आले आहे.

सिल्यान तळ्याकाठच्या ओस्विक गावची मी चर्चला जाणारी लांब होडी. हालवार नावाच्या सुताराने एका हिवाळ्यात मला पाइनच्या फळ्यांतून घडवलं. एका फळीची कड दुसरीवर चढवायची, खिळे ठोकायचे आणि वरून उग्र वासाचं काळं डांबर. वल्ह्यांच्या दहा जोड्या, आणि प्रत्येक बाकावर एकेका घराचं नाव कोरलेलं. आमचं चर्च तळ्यापलीकडे. त्यामुळे दर रविवारी सगळं गाव माझ्यातूनच जायचं. नवऱ्या माझ्यातून गेल्या, शवपेट्या गेल्या. बाप्तिस्म्याला निघालेली तान्ही बाळं तर किती गेली, त्याची गणतीच नाही. बाळ आत आलं की माझा जीव टांगणीला लागायचा. माणसं खुशाल गाणी म्हणायची आणि मी एकेका लाटेवर नजर ठेवून असायचे.

माझी एक गरज गावाला पक्की ठाऊक होती. मिडसमर, म्हणजे भर उन्हाळ्यातला आमचा मोठा सण, दोन आठवड्यांवर आला की ते मला काठाजवळ नेत, आत दगड भरत आणि चक्क बुडवून ठेवत! लाकूड पाणी प्यायचं, फळ्या फुगायच्या, फटी आपोआप मिटायच्या. मग मला बाहेर काढलं की पेलाभर पाणीही आत येत नसे.

पुढे रस्ता झाला, बस आली, घरोघरी गाड्या आल्या. मला काठावरच्या शेडमध्ये पालथं घातलं. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. वाईट वाटलं, पण शेड ओलसर होती, लाकूड जिवंत राहिलं. दुर्लक्ष मी सोसलं हो. खरा त्रास कौतुकाने झाला.

दोन वर्षांपूर्वी स्टुरे नावाचे गृहस्थ गावच्या संस्कृती समितीचे अध्यक्ष झाले. माणूस उत्साही, ऐकण्याचं मात्र नाव नाही. त्यांनी मला नव्या हॉलमध्ये आणलं. खाली हीटर, वर दिवे, समोर पितळी पाटी, ‘हात लावू नये’. डांबर खरवडून चकचकीत व्हार्निश लावलं. त्या उबेत माझी फळी न् फळी सुकली. मी कुरकुरायचे, तर पाहुणे म्हणायचे, “ऐका, जुनं लाकूड कसं बोलतंय!” अहो, बोलत नव्हते, तडकत होते!

आणि या वर्षी स्टुरेंनी जाहीर केलं, “मिडसमरला आपली जुनी होडी पुन्हा तळ्यात उतरणार. त्याच फेरीत टूवाचा बाप्तिस्मा!”

टूवा म्हणजे चार महिन्यांची चिमुरडी. तिची आई एलिन, आणि एलिनची आजी सिग्ने. वय शहाऐंशी. या सिग्नेने माझ्या दुसऱ्या बाकावर तीस वर्षं वल्हं मारलंय. मी शेडमध्ये जाईपर्यंत त्या घराचं प्रत्येक बाळ माझ्यातूनच चर्चला गेलेलं. टूवाही तशीच जावी, आणि आपल्या डोळ्यांदेखत जावी, एवढीच म्हातारीची इच्छा.

ती काठी टेकत हॉलमध्ये आली. माझ्या फटीत नख घालून म्हणाली, “स्टुरे, हिला आधी बुडव. पुरते दोन आठवडे.”

“आजी, काहीतरीच काय! व्हार्निश जाईल की. स्टॉकहोमहून पाहुणे येतायत, फोटो निघणारेत.”

“मग फोटोच पाठव चर्चला.”

स्टुरे हसले आणि पाटी पुसायला लागले. सांगा मित्रांनो, मी काय करायचं? मला तोंड असतं तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

मिडसमरचा दिवस उजाडला. मला बर्च झाडाच्या डहाळ्यांनी सजवलं आणि धक्क्याला आणून बांधलं. गावाचे पारंपरिक पोशाख घालून वीस वल्हेकरी आले, व्हायोलिनसारखं फिडल वाजवणारे दोघे आले. मग एलिन आली. कडेवर टूवा, अंगात पणजीच्या वेळचा पांढरा झगा, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. पोशाखांची देखरेख करणाऱ्या गुनिल्लाबाई धावल्या.

“अगं एलिन, काढ ते! कुणाच्या ॲप्रनचा रंग चुकू नये म्हणून मी महिनाभर जीव काढला, आणि फोटोत हे नारिंगी दिसणार!”

“दिसावं म्हणूनच ते नारिंगी असतं, गुनिल्लाबाई.”

मला एलिन तिथेच आवडली. पण ती पुढे आणखी काही बोलली. “आधी तुम्ही सगळे बसा. पाच मिनिटं धक्क्यालाच थांबू. मग मी बाळाला घेऊन येते.”

“पाच मिनिटं?” स्टुरेंनी घड्याळ दाखवलं. “ही होडी नव्वद वर्षांची आहे, कितीतरी बाळं नेलीत हिने!”

“मग आणखी पाच मिनिटं थांबेल.”

“आजकालच्या आया!” मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं. एलिनचे कान लाल झाले, पण पाय हलला नाही. सिग्ने आजी तिच्या शेजारी काठीवर हात ठेवून उभी राहिली.

सगळे बसले, फिडल सुरू झालं. इकडे त्या वजनाने मी खोल बसत होते आणि माझी एकेक सुकलेली फट पाण्याखाली जात होती. पहिल्या मिनिटाला पाणी तळाशी चमकलं. दुसऱ्याला चांदीच्या बकलांचे बूट भिजले. तिसऱ्या मिनिटाला फिडलवाला ओरडला, “अरे, माझ्या फिडलची पेटी तरंगतेय!” मग काय पळापळ झाली म्हणता! गुनिल्लाबाईंनी मोजे वाचवायला पाय वर धरले आणि त्या बाकावरून उलट्याच पडल्या. स्टुरे टोपीने पाणी उपसायला लागले. एवढ्या वर्षांत माझी अशी शोभा कधी झाली नव्हती. पण बाळ धक्क्यावर होतं. कोरडं. त्या नारिंगी जॅकेटात गाढ झोपलेलं.

सगळे बाहेर आल्यावर सिग्ने आजी म्हणाली, “आता उपसू नका. राहू दे तशीच. दगड आणा.”

या वेळी कुणी हसलं नाही. स्टुरेंनीच पहिला दगड उचलला.

दोन आठवडे मी पाण्याखाली निजले. काय सुख ते! एलिन रोज बाबागाडी घेऊन यायची, वाकून बघायची. बाप्तिस्मा पुढे ढकलल्याबद्दल अर्धं गाव कुरकुरत होतं. मग एका साध्या रविवारी, पाहुणे नाहीत, फोटोवाले नाहीत, मला वर काढलं. एलिनने माझ्या तळावर तळहात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मगच आत पाऊल टाकलं. टूवाला आजीच्या मांडीवर दिलं, दुसऱ्या बाकावर. चर्चला पोहोचेपर्यंत माझ्यात थेंबभरही पाणी आलं नाही. म्हातारी वाटभर वल्हेकऱ्यांचे हात चुकत असल्याचं सांगत होती. तिचे डोळे मात्र गळत होते.

परत आल्यावर एलिनने फोन काढला.

“काय लिहितेस गं?” आजीने विचारलं.

“आठवण लावतेय. मिडसमरच्या दोन आठवडे आधी, दर वर्षी, समितीतल्या सगळ्यांच्या फोनवर वाजेल. ‘होडी बुडवा’.”

“आणि हिवाळ्यात हॉलमध्येच ना?” स्टुरेंनी जपून विचारलं.

“हॉलमध्ये तुम्ही बसा, स्टुरे. ही शेडमध्ये जाईल.”

मित्रांनो, तुमच्या घरातही काही जुनं असेल. ते पुसा, मिरवा, खुशाल फोटो काढा. पण जिने ते तीस वर्षं हाताळलंय, तिला आधी विचारा. आणि कधी ओस्विकला आलात, स्टुरे भेटले, तर माझा निरोप सांगा. पाटी मागाहून पुसा म्हणावं. मला आधी बुडवा!