पंखा फिरतो, थांबतो

पुन्हा तेच. भिंतीवरचं बटण दाबलं, कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा गरगरला, हिरवा दिवा लागला, आणि मी खुर्चीत नीट टेकायच्या आत सगळं ठप्प.

"झाला का गं सुरू?" आतल्या खोलीतून बाबा.

"होतोय, होतोय!" मी ओरडले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ते त्यांना कशाला सांगा?

अकराला माझी ऑनलाइन मुलाखत होती. दुसऱ्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात रेकॉर्डचा विभाग सांभाळायचा, राहायला तिथेच खोली. मोबाइलवर भागण्यासारखं नव्हतं, कारण आधी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. चाळिशी उलटली तरी मी घरात बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट टाइप करते. कानात कुणाची तरी फुप्फुसं आणि तोंडाने "बाबा, जपून, स्टूल आहे तिथे." बाबांना आता फक्त उजेड आणि सावली कळते. भाऊ परदेशात. तो फोनवर म्हणतो, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ही नोकरी हुकली की या दोन खोल्यांतून माझी सुटका नाही, हे मी मनाशी पक्कं धरून बसले होते.

कॉम्प्युटर मीच जोडलेला, एकेक पार्ट जमवून. त्यामुळे कुणाला शिव्या घालायचीही सोय नाही. पार्टवाल्याला फोन लावला.

"मॅडम, पॉवर सप्लाय गेला असणार. संध्याकाळी घेऊन या."

"संध्याकाळी माझं तेरावं घालायला येऊ का? अकराला मुलाखत आहे हो!"

"मग एकेक काढून बघा," तो म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला.

तेवढं मलाही येतं. एकेक वस्तू काढायची आणि चालू करून बघायचं. जी काढल्यावर यंत्र चालेल, तीच चोर. डबा आडवा केला. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने पुसल्या, एकेक करून लावून बघितल्या. पंखा फिरला, थांबला. दुसरी डिस्क काढली. तेच. ग्राफिक्स कार्ड काढलं. तेच. स्क्रू दोनदा खाली पडला आणि दोन्ही वेळा पलंगाखालीच गेला मेला!

"मी काही मदत करू का?" बाबा दारात आले होते.

"तुम्ही फक्त बसा हो एका जागी!"

ते बसले. मला लगेच वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता.

काढण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. उरली होती फक्त डब्याच्या पुढच्या बटणाची बारीक वायर. ते बटण मी कधी वापरतच नाही. भिंतीवरचं दाबलं की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, अशी सोय मी केली आहे, वाकायला नको म्हणून. तरी ती वायर उपटली आणि बटण जोडायच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. पंखा फिरला. फिरतच राहिला!

डबा वळवून बघितला तर पुढचं बटण आत रुतून बसलेलं, आणि त्यावर डिंकाचा टणक, गोल थेंब. बटण सतत दाबलेलंच, मग यंत्र बंद नाही पडणार तर काय होणार?

"बाबा! हे काय चिकटवलंत?"

त्यांचा चेहरा पडला. "सकाळी थेंब लावला. म्हटलं, तू अंघोळीला गेलीस तोवर कॉम्प्युटर सुरू करून ठेवावा. पण दाबलं ते वर आलंच नाही."

"नसती उठाठेव सांगितली होती कुणी? आणि हा डिंक कसला?"

"सगळ्यालाच लावलाय गं. गॅसच्या बटणाला, गिझरला, औषधांच्या झाकणांना. बोटाला कळतं. तू गेल्यावर लागेल ना मला."

वाटलं, त्यांना मिठी मारावी, आणि वाटलं, डबा उचलून आपटावा. भराभर पट्ट्या परत बसवल्या. अकराला पाच मिनिटं कमी असताना पडदा उजळला.

परीक्षा झकास झाली. मग पडद्यावर एक बाई आल्या, हसऱ्या होत्या.

"तुमचं काम आवडलं आम्हाला. इथे येऊन राहू शकाल ना?"

देवाशपथ सांगते, मी तोंड उघडलं ते हो म्हणायला. बाबा समोर पलंगावर मान ताठ ठेवून बसले होते, परीक्षा त्यांचीच असल्यासारखे.

"वडील आहेत," मी म्हटलं. "त्यांना दिसत नाही. त्यांना सोडून नाही जमणार."

बाई म्हणाल्या, "एक वाजेपर्यंत मी जागा कुणाला देत नाही. विचार बदलला तर फोन करा."

पडदा काळा झाल्यावर बाबा म्हणाले, "माझ्या नावावर का खपवलंस?"

"मग काय खोटं बोलायचं होतं?"

"खोटंच बोललीस. भीती तुला वाटते, आणि पुढे मला करतेस. मी महिनाभर गॅसपाशी शिकताना चटके खातोय ते काय गंमत म्हणून?"

ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, मग काडीचा. मी दोनदा उठले.

"बस तिथेच!" आतून दरडावणी आली. मी बसले.

थोड्या वेळाने ते कप घेऊन आले, एका हाताने भिंत चाचपत. टेबलाच्या कडेपासून वीतभर आत त्यांनी कप अलगद ठेवला. एक थेंबही सांडला नव्हता.

"पी. आणि त्या बाईंना फोन लाव."

ते दारातच उभे राहिले, कान माझ्याकडे करून. मोबाइल कपाशेजारीच होता. मी कप उचलला. चहात साखर अगदी मला लागते तेवढीच होती. सगळा चहा प्यायले, मोबाइलला हात लावला नाही. एक वाजून गेला तरी बाबा दारातच उभे होते.