लाइव्ह अडकता कामा नये

"चार नंबरचं पोर्ट आवळ म्हटलं की आवळायचं, यशपाल. तुला वकिली कुणी सांगितली?"

मॅनेजर शिवलिंगप्पा सर्व्हर रूमच्या दारात उभे होते. खाली मांडवात हॉस्पिटलच्या नव्या ऑपरेशन थिएटरचं उद्घाटन होतं. चेअरमनसाहेबांचं भाषण अख्ख्या जिल्ह्यानं मोबाइलवर बघायचं होतं, आणि ते कुठंही अडकता कामा नये.

"सर, त्या पोर्टावर नुसतं नातेवाइकांचं वायफाय न्हाय. सीटी स्कॅनची वायर पण तितंच हाय."

"तितं कुणी घातली?"

"मीच. वीज पडली तवा सीटीचं पोर्ट जळालं. नवा गेटवे मागितला, तुमी म्हणला सध्या भागव."

"मग आज पण भागव की. तासाभरात कोण मरायलंय?"

हॉस्पिटलचं सगळं इंटरनेट ज्या एका डब्यातून आत येतं आणि वाटलं जातं, तो हा गेटवे. कुठल्या वायरीला किती वेग, हे यशपालची बोटं ठरवायची. हुकूम मात्र वरून यायचा. त्याची आई नागूबाई याच इमारतीच्या फरशा पुसून पुसून वाकली. तिच्या शब्दावर त्याला कंत्राटावर घेतलेलं. दर वर्षी चेअरमनच्या सहीनं कंत्राट वाढतं, आणि असली सही माणसाच्या कण्यात जाऊन बसते. त्यानं चार नंबर आवळलं. सगळी धार मांडवाकडं सोडली.

भाषणं रंगात आली असताना डॉक्टर कीर्ती धावत वर आल्या.

"दुधनीची पेशंट आहे, ईरम्मा. अर्धं अंग लुळं पडलंय. स्कॅन झालाय, पण फोटो पुण्याच्या डॉक्टरांकडे जाईनात. गुठळी असेल तर इंजेक्शन द्यायचं. रक्तस्राव असेल तर त्याच इंजेक्शननं बाई जाईल. रिपोर्टशिवाय मी हात लावू शकत नाही, आणि वेळ संपत आलीय."

यशपालचा हात कीबोर्डवर गेला.

"मंत्री बोलायलेत," शिवलिंगप्पा म्हणाले. "संपू दे. तुझं कंत्राट अजून टेबलावरच हाय बरं का."

कुणी त्याचा हात धरला नव्हता. तरी तो थांबला.

मंत्री लई बोलले. गरिबाच्या दारात आरोग्य नेऊन ठेवलं म्हणाले. टाळ्या पडल्या. लाइव्ह एकदाही अडकलं नाही. मग यशपालनं चार नंबर मोकळं केलं, तसे फोटो बघता बघता पुण्याला पोचले. रिपोर्ट आला: गुठळी. इंजेक्शनची वेळ तोवर निघून गेली होती.

दोन दिवसांनी तो वॉर्डातली वायर तपासत असताना ईरम्माच्या पोरानं, बसवेशनं, हाक मारली.

"ओ साहेब, नेटवाले न्हवं तुमी? वायफाय जोडून द्या की. बहीण कलबुर्गीला हाय, अव्वाचं तोंड बघायचं म्हणालीय."

यशपालनं फोन घेतला, जोडून दिला.

"त्या दिवशी कायच चालंना झालतं ओ हितं. आज लई पळायलंय."

बसवेशनं फोन आईच्या तोंडापुढं धरला. "अव्वा, माताड. बोल तिच्यासंगं."

चित्र स्वच्छ होतं. ईरम्मानं लेकीकडं बघितलं. ओठ एकाच बाजूनं हलले.

"दादा, आवाज येईना," बहीण तिकडून म्हणाली. "नेट गेलं का?"

"न्हाय गं," बसवेश म्हणाला. "नेट हाय."