शकुची उमेदवारी

मी बालवाडीची सतरंजी बोलतेय. सोलापूरकडच्या एका मागावर मला विणलं, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. त्र्याऐंशी साली दिंडोशीच्या वसाहतीत आले आणि जमिनीवर पडले ती पडलेच. खाली पडलेल्याला माणसं वजनावरून कळतात.

बालवाडीच्या शिक्षिका वनमालाबाई खुर्चीवर बसायच्या. त्यांचं वजन माझ्यावर कधी आलं नाही. शकु मात्र दिवसभर माझ्यावरच. आठवी शिकलेली, उमेदवारीला आलेली. दोन वर्षं बाईंच्या हाताखाली काम शिकायचं, मग बाईंनी कागदावर सही केली की मदतनीस शिक्षिका म्हणून कायम. पहिल्या दिवशी तिचे वडील कुंडलिक दारातूनच म्हणाले होते, "दोन वर्षं बघ. नाही जमलं तर कांदिवलीला खोक्यांच्या कारखान्यात जायचं, मग रडायचं नाही."

"बघत राहा गं, बघूनच शिकतात," असं म्हणून बाई मेथी निवडायला घ्यायच्या. शकु चिंचोके मांडून आकडे शिकवायची. पोरं मुतली तर मला धुवायचीही तीच, न चिडता.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे साहेब तपासणीला आले. बाई कडक इस्त्रीची साडी नेसून पुढे. शकुला पाण्याचा तांब्या देऊन मागे उभं केलेलं.

"चला, आकडे म्हणा," बाई म्हणाल्या.

कोणी तोंड उघडेना. मग माझ्यावरची चाळीस ढोपरं एकदम मागे वळली, शकुकडे. तिला राहवलं नाही. तिने एक बोट वर केलं आणि पोरांनी वीसपर्यंत खणखणीत म्हटलं.

साहेब हसले. "अहो बाई, यांच्या बाई तर मागे उभ्या आहेत."

ते चहा पिऊन गेले. पोरं घरी गेल्यावर शकुने कागद पुढे केला. बाईंनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं: उमेदवार अजून कच्ची आहे.

"मुलांना तुझी सवय लागली गं. शिस्त नाही लागली."

"सवय मी मोडते बाई," शकु म्हणाली. "त्यांच्याशी बोलत पण नाही. सही तेवढी करा."

"पुढच्या वर्षी बघू."

शकुने खाली बसून चिंचोके डब्यात भरले आणि गेली. आता ती खोकी चिकटवते, असं तिच्या शेजारची एक पोर सांगत होती.

माझा अर्धा भाग फाडून दाराशी पायपुसणं केलंय, उरलेल्या अर्ध्यावर पोरं दाटीने बसतात. माझ्यासाठी काही मागत नाही. तुमच्या घरची मुलगी कुठे उमेदवारीला जात असेल, तर सही कोणाच्या हाती आहे ते आधी विचारून घ्या. यंदा बाईंच्या हाताखाली मीरा म्हणून नवी मुलगी आलीय. पोरं तिच्या मांडीवरून उठत नाहीत. फार छान शिकवते. मला त्याचीच भीती वाटते.