टेम्पोतून येणाऱ्या फ्लॉप्या

हळदीची पोती.

फोनच्या तारेवर ईमेल आणणारा, मान धरलेल्या कोंबडीसारखा ओरडणारा मोडेम.

गटाचा नियम: "तीन दिवसांत जो बोलणार नाही त्याची संमती धरावी."

कागदात गुंडाळून रबर लावलेलं चपटं पाकीट. वर पत्ता: धनाजी, कॉम्प्युटर लॅब, विश्रामबाग.

कोरेगावात पारूबाई शेजारणीला सांगतेय, "माजी पोरगी सांगलीच्या लोकांचं काम करती. पगार न्हाई, पण मान हाय."

हे सगळं कोरेगाव-सांगली या एकाच रस्त्यावरचं. साल अठ्ठ्याण्णव. सांगलीच्या विश्रामबागेत दर रविवारी सात-आठ जण जमायचे. कुणाच्या मालकीची नसलेली, फुकट वाटायची कॉम्प्युटर प्रणाली मराठीत आणायची, हा त्यांचा नाद. पगार कुणालाच नव्हता. कामं मात्र वाटून घेतलेली. इंजिनिअरिंग शिकणारा भाऊसो ईमेलची यादी सांभाळायचा. यादीवर एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. लॅब असिस्टंट धनाजी आलेला मजकूर तपासून जोडायचा. आणि प्रणाली कशी वापरायची ते सांगणारी मदतीची पानं मराठीत करायचं काम पारूबाईच्या आम्रपालीकडे होतं, जिला गटातल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं.

आम्रपाली टायपिंग क्लासात शिकवायची. तिथं कॉम्प्युटर होता, इंटरनेट नव्हतं. ईमेल वाचायला ती आठवड्यातून एकदा साताऱ्याला जायची. केलेलं काम फ्लॉपीवर, खिशात मावणाऱ्या चपट्या डिस्कवर, घालून ज्ञानूच्या टेम्पोतून पाठवायची. ज्ञानू हळद घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात यायचा, आणि पाकीट लॅबच्या दारात आणून द्यायचा.

दिवाळीपर्यंत फ्लॉप्या भरून आल्या. दिवाळीनंतर आल्या त्यांत काहीच निघेना. एक झाली, दोन झाल्या, तिसरीही तशीच.

"वही घरी राहिली म्हणतात न्हाई का शाळेत, तसलं हाय हे," भाऊसो रविवारच्या चहाला म्हणाला.

"आरं, विचार की तिला," धनाजी म्हणाला.

"विचारलं यादीवर. काम कुठवर आलं म्हणून. चार दिवस झालं, उत्तर न्हाई."

"ती आठवड्यातनं एकदा वाचती रं."

"मग आपण काय जत्रेला आलोय? जानेवारीत सीडी काढायची हाय. पानं मी करतो."

चहा संपायच्या आत ठरलं, काम काढून घ्यायचं. आम्रपालीला कळवायचं कुणी, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी धनाजीकडे पाहिलं. तो गप्प राहिला. तीन दिवसही न थांबता, गटाच्या नियमाने तो होकार झाला.

धनाजी आटपाडीकडचा. त्याचा आजा मेंढरं घेऊन महिनोनमहिने लांब असायचा, आणि घरचा वाईट निरोप कुणी चिठ्ठीवर धाडत नसे. माणूस उठून जायचा. म्हणून पुढच्या रविवारी धनाजीने कोरेगावची एसटी धरली.

"जयभीम मावशी."

"जयभीम. या की! आमच्या पोरीचं बिनपगारी सायब!" पारूबाई म्हणाली.

"आई!" आतून आम्रपाली ओरडली, आणि हसत बाहेर आली.

चहा झाला, पोहे झाले. निरोप काही धनाजीच्या तोंडातून निघेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "काम बघायला मिळंल का?"

क्लासची किल्ली तिच्याकडेच होती. तिने कॉम्प्युटर लावला. पानामागून पान. स्वच्छ, साधं मराठी, आजीलाही वाचून दाखवता येईल असं.

"ही सगळी मी पाठवली आहेत. पोचली नाहीत?"

"फ्लॉप्या कोऱ्या निघतात, ताई."

तिने पडद्यावरच्या पानाकडे बोट केलं. "मी प्रत्येक वेळी उघडून बघते, मग पाकीट करते. तुम्हाला वाटलं, मी कोऱ्याच पाठवते?"

"गटात तसं बोलणं झालं." हे म्हणताना धनाजीला स्वतःची लाज वाटली.

बाजारात ज्ञानूचा टेम्पो उभा होता. दोघं तडक तिकडे गेली.

"माज्याकडनं खराब? आवं, लय जपतो मी," ज्ञानू कळवळला. "खाली ठिवली तर हळद लागंल, काचंला ठिवली तर ऊन. म्हनून हितं ठिवतो." त्याने सीटमागच्या घमेल्याएवढ्या काळ्या स्पीकरवर हात फिरवला. "दिवाळीला बसवलाय. ह्याच्यावर दुसरं कायबी ठिवू देत न्हाई कुणाला."

धनाजीने स्पीकरवर टकटक केलं. "गड्या, ह्याच्या पोटात लोहचुंबक असतंय. फ्लॉपीवरचं सगळं पुसून टाकतंय ते."

"आयला! म्हंजी गाणी ऐकून ऐकून पाठ केल्यालं इसरली व्हय ती!"

आम्रपाली इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग तिने क्लासात परत जाऊन सगळी पानं नव्या फ्लॉप्यांवर घातली. धनाजीने त्या शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि सांगलीपर्यंत खिशावरचा हात काढला नाही. कामावरून काढल्याचं त्याने तिला सांगितलंच नाही.

भाऊसोने पानं वाचली. बराच वेळ वाचली.

"माझ्यापेक्षा बरी हायत. यादीवर लिहितो, काम तिचंच म्हणून."

"लिही. आन आधी कोरेगावात फोन लाव. क्लासच्या खाली बूथ हाय, बोलावून देत्यात."

"काय बोलू?"

"चुकलं म्हण."

भाऊसोने फोन लावला.

काढल्याचं पत्र भाऊसोने धनाजीची वाट न बघता, कारणही न लिहिता, चहाच्या दुसऱ्याच दिवशी यादीवर टाकलं होतं. त्या आठवड्यात लॅबचा फोन बंद, म्हणून ईमेलही बंद असल्याने धनाजीने ते पाहिलं नव्हतं. आम्रपालीने ते धनाजी कोरेगावात येण्याआधीच, मंगळवारी साताऱ्यात वाचलं, आणि तरी शनिवारी पुढची सात पानं टाइप केली.